टोक ओढून धरा, शेठ

नाही हो श्रीपादशेठ, हेही नको. किती मऊ आहे! हे बाळंतिणीच्या डोक्याला बांधायला द्या. मी काय सदऱ्याला कापड मागतोय? मघापासून सांगतोय, खिळ्याला पाहिजे — खिळ्याला! हा बघा. घ्या हातात, चावत नाही. वितीला दोन बोटं कमी भरेल, पण विलायती पोलाद आहे. आपल्या लोहाराचा खिळा असता तर तुमच्या दुकानाची पायरी कशाला चढलो असतो? ते लोखंड मी धोतराच्या सोग्यात धरून वाकवलंय. तुम्हीच तर येता दर दसऱ्याला आमच्या तालमीत — मारुतीच्या पायाशी वाकवलेला खिळा कोण ठेवतो? हा दगडू वस्ताद ठेवतो. खिळा वाहिल्याशिवाय मुद्गलांना हार पडत नाहीत, आमची रीतच आहे तशी. आणि ज्या वस्तादाला वाकवता आला नाही, त्यानं लंगोट देवापुढं ठेवून वस्तादी सोडायची. माझ्या वस्तादांनी तशीच सोडली. उठले आणि चपला शोधायला लागले. मला अजून ते चपला शोधणं आठवतं.

आणि यंदा हे कल्याणचे पैलवान! नागपंचमीच्या कुस्त्यांना आले, जिंकले, जेवले, तर गप निघून जावं की नाही? नाही. हा खिळा काढून माझ्यापुढं ठेवला — म्हणे, वस्ताद, लोखंड काय कोणीही वाकवील, यंदा मारुतीला हा वाहा. सगळ्या पोरांच्या देखत! आणि माझी जीभ बघा, मी म्हटलं, ठेवा तिथं. मेली जीभच वाकवून वाहावी देवाला. आता परवा दसरा आहे आणि हा सरळच्या सरळ — बघा ना, सुतानं आखल्यासारखा.

तो मांजरपाट काढा. हां, हा जरा खरखरीत आहे. फाडा हातभर. अहो गोणपाट झाला करून, त्याची जाडी इतकी होते की मुठीत खिळा कुठं आणि आपण कुठं, काही कळत नाही. चामडं? चामडं उत्तम हो, पण मारुतीपुढं चामडं न्यायचं? काय बोलताय शेठ! नुसत्या हातानं जोर केला तर हे असं होतं — बघा तळवा. बायको घरी असती तर हळद... ते जाऊ द्या. फाडा.

आता हे टोक धरा. धरा हो, तुम्हाला कुस्ती खेळायला नाही सांगत. तुम्ही कापड तुमच्याकडं ओढायचं आणि मी खिळा माझ्याकडून गुंडाळत येणार. एका माणसाचं काम नाही हे. एकट्यानं गुंडाळलं की आतला वेढा सैल राहतो, आणि सैल राहिला की जोर सगळा कापडात मुरतो, खिळ्याला काही पोचतच नाही. पोरांना सांगू? तालमीतल्या पोरांना? की बाबांनो, तुमच्या वस्तादाला जमेना, जरा टोक धरा? वा! मग लंगोट आजच ठेवतो की. ओढा — ओढून धरा — अहो शेठ, सोडलंत! पुन्हा सोडलंत! गिऱ्हाईक आलं तर येऊ द्या, बसेल ते. आमची मालन कधी सोडायची नाही. चुलीवर दूध उतू जायला लागलं तरी म्हणायची, आधी तुमचं होऊ द्या, आणि टोक दातात धरून दूध उतरवायची. दातात! आणि तिचा वेढा असा बसायचा की नखानं उचकटावा लागायचा.

माहेरी गेलीय. बाळकुमला. नाही, कोणी आजारी नाही. सणाला जातात की बायका माहेरी. दसऱ्याला नाही जात, माहीत आहे मला, तुम्ही नका शिकवू. पितृपाठापासून गेलीय, बरं. समाधान झालं?

सरका, मला जागा द्या. आता बघा. कोपरं बरगडीला, मुठी हनुवटीखाली, अंगठ्यांनी दाबायचं आणि... हं... हंऽऽ... घसरलं. घसरलं बघा! अंगठ्याखालनं फिरला. तुम्ही धरलंच नव्हतं नीट. खांद्यात जोर आहे हो माझ्या, अजून दोन गडी खांद्यावर बसवून तळ्याला फेरी मारतो. तोच तर घोळ आहे, म्हणायची ती — खांदे कशाला लावता, खांद्याला काय वाकवायचंय, खिळ्याला वाकवायचंय. मुठी अगदी टोकांकडं न्या, मनगटं आधी मोडा, आणि एकदा जरासा बाक आला की थांबू नका. तिला काय कळतंय, म्हणायचो मी. आणि मग चार दिवसांनी तसंच करायचो, ती नसताना.

आता तुम्ही विचारणारच, तर ऐका. लुगड्यावरनं झालं. हा खिळा आला आणि जुन्या चिंध्या पुरेनात. मी म्हटलं, घट्ट विणीचं काहीतरी पाहिजे. पेटी उघडली. वरच एक इरकली होतं. मला काय माहीत ते भावानं भाऊबीजेला दिलेलं? म्हणजे माहीत होतं, पण तेव्हा लक्षात नव्हतं. काठाकडनं दोन पट्ट्या फाडल्या. दोनच! बाकी सगळं शाबूत होतं, नेसता आलं असतं. तसं म्हणालोही मी तिला. भांडली असती तर बरं झालं असतं, मिटलं असतं. तिनं त्या पट्ट्या उचलल्या, माझ्यासमोर बसली, एक टोक धरलं आणि म्हणाली, गुंडाळा. मी गुंडाळलं. शेवटपर्यंत ओढून धरलं हो तिनं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन उभी. मी म्हटलं, जा, तुझ्यावाचून अडलंय का माझं? असं आपण म्हणतोच की. सगळेच म्हणतात.

आणि वाकला का खिळा? नाही! इरकली ते, रेशमाचं अंग, सरकलं हातातनं. लुगडंही गेलं, खिळाही तसाच, आणि घरात पाण्याचा हंडा कुठं ठेवते तेसुद्धा मला सापडत नाही. काल गेलेलो मी बाळकुमला. वेशीपर्यंत. मेव्हणा दिसला लांबून, तसा परत फिरलो. रिकाम्या हातानं काय जायचं, आणि हातात हा खिळा. लाज वाटली मला, शेठ. एवढा मोठा गडी मी, झाडामागं उभा राहिलो.

ते काय काढताय वरनं? मी मांजरपाट मागितला, तो झाला. नको म्हणतो ना, आणखी तागे... थांबा. हे लुगडं... काठ तोच आहे. रंगही तोच. तुमच्याकडनंच नेलं होतं का मेव्हण्यानं? आणि तुम्ही मघापासून काही बोलला नाहीत! असं — अहो, कात्री कशाला उचलताय? हां, हां! हात लावू नका त्याला! फाडू नका! पट्टीसाठी नाही मागत मी. अख्खं द्या. घडी मोडू नका, तशीच बांधा वर्तमानपत्रात, नको, फडक्यात बांधा, शाई लागेल काठाला.

आणि हा खिळा कशाला देताय हातात? राहू द्या तुमच्याकडं गल्ल्यावर. परवा सकाळी आलो तर नेईन. बरोबर नेला तर ती म्हणेल, टोक धरायला माणूस पाहिजे म्हणून आलात.

मग कशाला आलो म्हणून सांगू तिला?

बांधा हो तुम्ही. माझ्या तोंडाकडं काय बघत बसलात.