माझं मी बोलतो

नका, नका — शब्द पुरवू नका हो मला. येईल तो. आणि तोंडाला एवढा फेस असताना बोललात तर साबण पोटात जाईल. हं, तर सु... सु... सुनावणी! आला की नाही? एरवी दुकानात मी फारसा अडखळत नाही. का? गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघत असतं, माझ्याकडे कोण बघतोय! पण चार माणसं तोंडाकडे बघायला लागली, की जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा.

तर रस्ता रुंद करायचा म्हणून आमचे हे सात गाळे पाडायचे ठरले. प्रत्येकाला पालिकेच्या साहेबांपुढे पाच मिनिटं. शेजारचे शिंपीदादा — काय बोलले! विकास काय, सहकार्य काय, आपला मोठेपणा काय — इतकं गोड, की साहेब म्हणाले, छान, म्हणजे तुमची संमती आहे. झालं! मग मी उभा. महिनाभर या आरशापुढे भाषण घोटलेलं. नुसतं ‘नमस्कार’ म्हणायचं होतं हो. न... न... साहेबांनी घड्याळ बघितलं. ‘नवी जागा हवी?’ मी नाही अशी मान हलवली. ‘नकाशा चुकलाय?’ न... न... ‘नोटीस! नोटीस मिळाली नाही?’ — आणि कारकुनानं लिहूनसुद्धा टाकलं! सुनावणी दोन महिने पुढे. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. शिंपीदादांनी नवा शर्ट शिवून दिला, म्हणाले, पुढच्या खेपेला याहून जोरात अडखळ. पण मी बोलणार काय होतो, हे कुणी विचारलं? एकानंही नाही. भाषणाचा कागद खिशातल्या खिशात.

नोटीस? मिळाली होती की. सातही जणांना. माझी त्या खणात आहे, कंगव्यांखाली.

दुसऱ्या खेपेला तोच शर्ट घालून गेलो. मी न... केलं मात्र, साहेब लगेच, ‘हो हो, नोटीस —’ मी हात वर केला. म्हटलं, थ... थांबा. माझं मी बोलतो. अकरा मिनिटं लागली. पंखा घरघरत होता. सगळं बोललो — बावीस वर्षं, सात घरं, दुसऱ्या दुकानांचा जिना चढवत नाही अशी म्हातारी गिऱ्हाइकं — आणि त्याच भरात तेही निघून गेलं. नोटीस मिळाली होती, साहेब. छे हो, सत्यवादी-बित्यवादी नाही मी! दुसऱ्यानं तोंडात कोंबलेलं वाक्य होतं, थुंकून टाकलं, इतकंच.

साहेब? म्हणाले, ‘उत्तम बोललात.’ आणि सही केली. एकोणीस तारखेला पाडणार.

शिंपीदादा आता घरीच दाढी करतात, गालावर कापल्याच्या खुणा घेऊन फिरतात. आमची ही बोलते, पण कामापुरतं. आणि मी — खोटं कशाला सांगू — त्या दिवशी रस्ताभर मोठ्यानं बोलत आलो, एकटाच. एक शब्द अडला नाही.

झाली दाढी. काय, चुकलं माझं? नको, घाईनं उत्तर देऊ नका. बाकावर कुणी थांबलंय का? नाही ना. बरं, या आता. जाताना दार तेवढं ओढून घ्या.