विमान अजून वरतीच हाय

जवाईबुवा, त्या भंगारवाल्याले आधी फोन करा अन् म्हणा, येऊ नको. मग मी रामराम करीन.

आता रामराम. सौंसर, रामाकोन्यावरून हातचं काम टाकून आले तुम्ही. बसा. मी दोन बुकं शिकलेली बाई. मले सभेत बोलता येत नाही, अन् आपल्याच पोराच्या शोकसभेत मायनं बोलाचं तरी काय? पण मघापासून ऐकून राहिली. जो उठते तो म्हणते, 'बिचारा विलास, गेम खेळता खेळता गेला.'

गेम?

दिवसभर तो विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दे, अन् संध्याकाळी कॉम्प्युटरवर दोन पंख्यांचं विमान उडवे. लाकडाच्या लिव्हरा त्यानं घरीच तासल्या. रोज गावातलं कोणी तरी विमानात बसवे. 'आज शांतामावशी खिडकीपाशी हाय,' म्हणे. शांताबाई, तू हसू नको, तुले दोनदा नेलं त्यानं.

वर चढून झालं की मले लिव्हरीपाशी बसवे. 'माय, आता जोर मागं घे. आधी इंजनाचा, मग पंख्याचा.'

मी म्हणो, 'काउन बापा? रस्ता मोकळा हाय, पळू दे नं!'

'वर हवा पातळ हाय. जोर कमी वाटते म्हणून लिव्हर रेटली, का इंजनाची भट्टी होते. तापाची सुई पाह्य. लालीत गेली तर मले हाक मार.'

त्या दिवशी विमानात मी होती. 'आज माय बसली, नागपूरले उतरवतो,' म्हणे. जोर मागं घेतला, सुई जागेवर आली, अन् यानं छातीवर हात ठेवला. लोकायनं त्याले उचललं, पण तो तेथंच गेला होता. विमान चालूच होतं. मी लिव्हर धरून बसली. सुई हलू नाही दिली मी.

तेवढ्यात जवाईबुवा आले. 'घरात मयत, अन् हे काउन चालू?' म्हणाले, अन् वायरच उपटली. मयत झाली की टीव्ही बंद करतात, मले माहीत हाय. पण तो टीव्ही होता का? विचारलं का कोणाले?

दहाव्याले कावळा शिवे ना. त्याच्या पोरीचं लगन करू म्हणा, मायले सांभाळू म्हणा, सगळं कबूल करून झालं. विमान उतरवू, असं एकानं तरी म्हटलं का? शेवटी दर्भाचा कावळा केला अन् घरी जेवाले आले.

नात म्हणते, कॉम्प्युटर आपोआप जपून ठेवते, जेथं बंद पडलं तेथूनच चालू होते. मले धरून ठेवता येते, उतरवता येत नाही. अन् उद्या तुम्ही तोच कॉम्प्युटर भंगारात घालून राहिले?

आता मौन. उभे राहा सगळे, अन् खोकू नका. मौन झालं की चहाकडे पळाचं नाही, खाली बसाचं. जवाईबुवा, तुम्ही उभेच राहा. विमानात बसलेल्या तुमच्या सासूले वरतून खाली कोण आणीन, हे तुम्हीच सांगाचं. बाकी कोणी मधात तोंड घालाचं नाही.