खलनायक दारात उभा राहिला

सिनेमातल्या खलनायकांचं काय सांगता, आमच्या सासूबाईंनी तर एकाला भर उन्हात दाराबाहेर उभं केलं होतं. निजामाचं राज्य होतं, माझं नुकतंच लग्न झालेलं. हिंगोलीच्या तंबूतल्या सिनेमात आम्ही सासू-सुनांनी त्याचा बोलपट पाहिला, त्यात तो नायिकेला पळवून नेतो. पुढच्याच उन्हाळ्यात कनेरगावला आमच्या घरासमोर त्याची मोटार बंद पडली आणि तो पाणी मागायला आला.

सासूबाईंनी लगेच ओळखलं. "त्या पोरीला काहून पळवलं रं?"

"आई, तो सिनेमा होता," तो म्हणाला.

तेवढ्यात मोटारीतून तीच नायिका उतरली. सासूबाईंनी तिला हाताला धरून घरात आणलं आणि आतून कडी घातली. "भिऊ नको, लेकरा. आता तुला कोणी नेत न्हाई."

तिला हसू आवरेना. "अहो, ते माझे पती आहेत. खरेखुरे."

"असं सांगायला त्यानं धमकावलं का तुला?"

"ते काय धमकावणार? घरात माझ्यापुढे त्यांचा आवाजसुद्धा निघत नाही."

सासूबाईंनी तिला नीट न्याहाळलं. मग कडी काढली आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, त्या बिचाऱ्याला आदी जेवू घाल."