धाकूच्या नावाची पेटी

"अहो, सरका की जरा! सतरंजी काय तुमच्या बापाची?"

ऐकलंत मंडळी? देवाच्या दारात कीर्तनाला बसून बापाची सतरंजी! हसा, हसा. पण आजचा प्रश्न हाच! देवानं भुई दिली, पाणी दिलं. त्यावर रेघ कुणी मारली? ती खरी, की आपण मानली म्हणून खरी?

ऐका तर! समुद्रकाठी हिरूबाय नावाची एक कोळीण. तिचा नवरा धाकू मासेमारीला गेला, वाऱ्यानं जाळं वाहवत गेलं. जाळ्यामागं होडी, होडीत धाकू! जाळं कुणी सोडतं होय? आणि पाण्यात ना कुंपण, ना दगड. बोंबील रोज इकडून तिकडं जातात, त्यांना कोण अडवतं? धाकूला मात्र पलीकडच्या बंदूकवाल्यांनी धरलं. परक्या देशात घुसला म्हणे! टाकला तुरुंगात.

वर्षं गेली. मग एक दिवस पेटी आली, वर धाकूचं नाव. सोबतचा साहेब म्हणाला, "उघडू नका. उरकून घ्या."

पण गावची रीत! दर्यावरच्या माणसाला शेवटची आंघोळ बायकोनंच घालायची, दर्याच्या पाण्यानं. पेटी उघडली. चेहरा ओळखू येण्यापलीकडचा. हिरूबायनं डावा हात धुवायला घेतला... आणि थांबली. धाकूची डावी करंगळी दोरात सापडून लग्नाआधीच तुटलेली. आणि या हाताला पाचही बोटं!

सगळ्यांनी पाहिलं हो! पाटील समुद्राकडं बघत म्हणाले, "आटप हिरूबाय, भरती येतेय."

सासू कुजबुजली, "घाल गो पाणी. कुणाचं का असंना, लेकरूच ते."

खरंच की! इकडचा की तिकडचा, कोण जाणे? मेलेल्या हातावर देश थोडाच लिहिलेला असतो! नाकारला, तर बिचाऱ्याला कुठल्याच मातीत जागा नाही. आणि धाकू म्हणून जाळला, तर? खरा धाकू तिकडं जिवंत असला तरी सुटेल कसा? तो तर घरी पोचला, राख झाला!

रेघ खोटी म्हणता ना मंडळी? मग सोडवा या बाईला! नाही सुटत. तुम्ही मानता, मी मानते, म्हणून तर ती एवढी खरी झाली, की एका बाईच्या ओंजळीतून गेली! खाली काय बघता? गावही खालीच बघत होतं.

हिरूबायनं तो हात पदरानं पुसला. हळूच त्याच्या छातीवर ठेवला. उठली.

"हा माझा माणूस नाय."