आपणहून पुढे झाला

ब्रिहिदा : ते भट्टीचं सोड रे. चिपाच्या रोट्या शेजारणीच्या भट्टीत भाजल्या म्हणून काय झालं? उद्या चौकात मेडलच्या वेळी लोक खातील मुकाट्यानं. तू कागद वाच.

एवारिस्तो : तीनदा वाचला की, मावशी.

ब्रिहिदा : चौथ्यांदा वाच. अडाणी बाईला वाचून दाखवताना तोंड झिजतं का?

एवारिस्तो : 'पॅराग्वेच्या सैन्यातील शिपाई सेनोन बेनीतेस. चाकोच्या लढाईत तुकडी तहानेनं मरत असता, गोळीबारात विहिरीवर जाण्यास... पुढे झाला. पाणी पोचवून त्यानं प्राण सोडला. मरणोत्तर शौर्यपदक.' झालं.

ब्रिहिदा : एक शब्द गाळलास. शाळेतल्या बाईंनी वाचलं तेव्हा 'आपणहून पुढे झाला' असं होतं.

एवारिस्तो : चुकून राहिला असेल.

ब्रिहिदा : चारही वेळा चुकून? लढाई संपून दोन वर्षं झाली. माझ्या लेकाचा तू जिवाभावाचा दोस्त, रोज येतोस, लाकडं फोडून देतोस. पण या घरात पाण्याचा घोट घेत नाहीस. मला वाटायचं, माझीच लाज वाटते तुला.

एवारिस्तो : तुमची कशाला, मावशी! माझी... पाळी माझी होती.

ब्रिहिदा : कसली पाळी?

एवारिस्तो : विहिरीवर जायची. आदल्या दिवशी गेलेले दोघं परत आले नव्हते. माझं पाणी पाणी झालं. भर उन्हात घोंगडी ओढून पडलो, तापाचं सोंग करून दात वाजवत.

ब्रिहिदा : आणि त्या भोळ्या सांबाला ते खरं वाटलं!

एवारिस्तो : नाही ना. त्यानं कपाळावर हात ठेवला. कपाळ गार. माझ्याकडे बघितलं, आणि साहेबांना ओरडून म्हणाला, 'अंग भाजतंय याचं. मी जातो.' परत आला तो पोटात गोळी घेऊन, रांगत. कॅन मात्र सरळ धरला होता. पहिला घोट मी घेतला, मावशी. तो बघत होता, आणि मी प्यायलो. उद्या मला तिथं उभं करू नका. थुंका माझ्या तोंडावर.

(ब्रिहिदा अंगणातल्या आपल्या विझलेल्या भट्टीकडे बघते.)

ब्रिहिदा : भरतीवाले आले ना, त्या दिवशी सेनोन त्या भट्टीत लपला होता. एवढा थोरला पोरगा, गुडघे छातीशी घेऊन. 'आई, मला भीती वाटते. सांगू नकोस.'

एवारिस्तो : सेनोन?

ब्रिहिदा : बायका फिदीफिदी हसल्या, 'ब्रिहिदाचा वाघ भट्टीत!' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच बोट दाखवलं. मीच म्हटलं, 'काढा त्या भित्र्याला बाहेर.' राखेनं माखलेला गेला. तेव्हापासून मी ती पेटवलेली नाही.

एवारिस्तो : तो कधी बोलला नाही हे. 'आई चिपा झकास भाजते,' एवढंच सांगायचा.

ब्रिहिदा : तुझी भीती त्यानं झाकली. त्याची मला झाकता आली नाही. आई ना मी! उद्या चौकात तू तुझं सांग, मी माझं सांगते. नाहीतर ते मेडल घ्यायला हात पुढे व्हायचा नाही.

एवारिस्तो : लोक काय म्हणतील, मावशी?

ब्रिहिदा : त्या दिवशी भट्टीपाशी मीही मनात हेच म्हटलं होतं.