दवाखान्यातला सराव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

“आजोबा, राष्ट्रीय उद्यान आता चार महिने बंद आहे.”

“डॉक्टर तर म्हणतात, नजर दोनच महिने टिकेल.”

“मग?”

“मग तू बघायचं आणि मला सांगायचं.”

“वाघ दिसला की मी ओरडूनच सांगेन!”

“ओरडलीस तर थांबेल होय तो? हळूच सांग. चल, सराव करू. समोरच्या चित्रात काय आहे?”

“चित्र कुठंय? ती खिडकी आहे, आजोबा.”

“खिडकी होय?”

“हो.”

“बरं. आईला सांगू नकोस हं, बाळा. ती जायचा बेतच मोडेल. खिडकीतून काय दिसतंय?”

“झाड.”

“नुसतं झाड नको. मला दिसेल असं सांग.”