पंख्याखालचा घोडा

निपाणीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी होत्या.

"मंगल, घोडागाडीच्या शर्यतीत तुझी बुटकी घोडी जिंकली म्हणं?"

"व्हय आक्का! मारवाडी घोडा ताडमाड उंच, पण शर्यत भर दुपारी लागली. निम्म्या वाटंत धापा टाकत थांबला की!"

"आन् तुझी?"

"रोज उन्हातनं विटांची गाडी ओढती ती. घामानं भिजली, पण थांबली न्हाय."

"त्यो घोडा?"

"दिवसभर पंख्याखाली. पळवायचा फकस्त पहाटं."

"आन् तुलाच नावं ठेवायची, मुक्या जनावराला उन्हात राबवती म्हणून!"

"त्यात त्येचा मालक सगळ्यात पुढं. आज सकाळी दारात आलता."

"भांडाय?"

"न्हाय गं. घोडा माझ्या दारात बांधला आन् म्हणाला, 'वैनी, तुमच्या घोडीसंगं ह्येला बी रोज थोडं थोडं ऊन दाखवा.'"